पाहुण्यांचा सराव

पद्माळा कॉलेजच्या मैदानावर दुपारी साडेतीनला सराव सुरू होतो आणि पहिली पंधरा मिनिटं एखाद्या दवाखान्यात गेल्यासारखी जातात. राखीव खेळाडू बाकावर ओळीने बसतात, पोटऱ्या आणि मांड्या ओल्या फडक्याने पुसतात आणि त्यांवर करड्या रबराच्या पट्ट्या आवळतात. मग पिवळ्या बंड्या चढवतात. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठाच्या पेठा रस्त्यावर उतरतात, पण या पिवळ्या बंडीवाल्यांना बघायला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. कॉलेजात त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात.

नाव पट्ट्यांहून जुनं आहे. इथली रीत अशी, की पुढचा सामना ज्या संघाशी असेल तो संघ सरावापुरता राखीव खेळाडूंनी व्हायचं. कुणी त्यांचा गोलरक्षक, कुणी त्यांचा आघाडीवीर. पांढऱ्या बंडीतल्या पहिल्या अकरा जणांना समोरचा कुठून येतो, कुठे वळतो, याची सवय व्हावी म्हणून. राखीव पोरगा घडायचा तो असा, दुसऱ्याची नक्कल करता करता.

दोन वर्षांपूर्वी चालपट्टी आली. समोरच्या संघाच्या सामन्यांचं चित्रण तिच्या संगणकाला दिलं, की तो हव्या त्या खेळाडूची चाल वेगळी काढतो. तो कुठल्या पायावर भार देतो, वळताना खांदा आधी नेतो की कंबर, असं सगळं. मग पट्टी बांधणाऱ्याच्या स्नायूंना ती अगदी बारीक झटके देते, त्याने मनात ठरवायच्या निमिषभर आधी. पाय आपोआप तिकडे जातो. तीन आठवड्यांत शरीर ती चाल शिकतं आणि पुढे पट्टी नसली तरी चालतं. एका हंगामात राखीव खेळाडूला चार जणांचा अनुभव मिळेल, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता.

सहाय्यक प्रशिक्षक प्रणोती जामदार यांना तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. फार गोड बोलत होता. पाहुण्यांचा सराव त्यांच्याकडे, म्हणून पट्ट्याही त्यांच्याच गळ्यात पडल्या. पण संघ जिंकायला लागला, आणि जिंकणाऱ्या संघात शंका काढणारं माणूस नकोसं होतं. त्या गप्प बसल्या.

मग मिरजेच्या कृष्णाकाठ कॉलेजशी उपांत्य सामना झाला. एक-एक अशी बरोबरी होती. अडुसष्टाव्या मिनिटाला पद्माळाच्या मधल्या फळीतल्या मुख्य खेळाडूचा गुडघा मुरगळला आणि त्याच्या जागी हर्षवर्धन सांगावकर आत गेला. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, तिन्ही वर्षं पिवळ्या बंडीत काढलेला. मोठ्या सामन्यात पांढरी बंडी अंगावर चढली ती पहिल्यांदाच.

पंधरा मिनिटं तो बरा खेळला. मग चेंडू त्याच्याकडे आला आणि मान वर न करता त्याने डाव्या टाचेने तो मागे, डावीकडच्या मोकळ्या जागेत ढकलला. तिथे पद्माळाचं कुणीच नव्हतं. मिरजेचा एक जण भरधाव येत होता, त्याच्या पायात चेंडू आयता पडला. गोल झाला. पद्माळा हरलं. प्रेक्षकांच्या एका कोपऱ्यातून आरोळी आली, की पोरगं फितूर आहे.

सोमवारी सकाळी हर्षवर्धनच्या पेठेतल्या तालमीने, संघात निवड झाली म्हणून चौकात लावलेला त्याचा अभिनंदनाचा फलक उतरवला. त्याच दुपारी प्राचार्यांनी प्रणोतीबाईंना बोलावलं. हे मुद्दाम केलं की चुकून झालं, एवढंच त्यांना गुरुवारपर्यंत लेखी हवं होतं. मुद्दाम ठरलं तर संघातून नाव जाणार, कॉलेजातून जाणार आणि विद्यापीठाच्या कुठल्याच मैदानावर पोरगा पुन्हा उभा राहणार नव्हता.

प्रणोतीबाईंनी ते चित्रण तेरा वेळा पाहिलं आणि दर वेळी त्यांचा संशय वाढत गेला. चूक इतकी नेमकी नसते. चुकलेला पास लांब जातो, आखूड पडतो, कुणाच्या तरी नडगीला लागतो. हा पास समोरच्याच्या पावलाची लांबी मोजून दिल्यासारखा होता. शिवाय सामन्याआधी हर्षवर्धन मिरजेच्या दहा नंबरच्या संमेद मगदूमबरोबर चहाच्या गाड्यावर उभा होता, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पोराबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं आणि त्याच्यावर विश्वासही बसत नव्हता.

मंगळवारी त्यांनी त्याला साहित्याच्या खोलीत बोलावलं. मगदूमशी काय बोलणं झालं, हे आडवळण न घेता विचारलं.

“तोच आला मॅडम,” हर्षवर्धन म्हणाला. “मला म्हटला, तू माझ्यागत चालतोस. हसला आणि गेला.”

“आणि पास?”

“मुद्दाम न्हाई दिला. आईशप्पथ.” तो बुटाच्या नाडीशी चाळा करू लागला. “तिथं आपला माणूस आहे असंच वाटलं मला. रोज असतोय की तिथं.”

त्यांनी त्याला जायला सांगितलं. खोटं बोलायचं असतं तर याहून बरं काहीतरी सुचलं असतं, असं त्यांना वाटलं. आणि रोज कोण असतं तिथे? घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. फोडणी करपली तेव्हा त्यांना उत्तर मिळालं. सरावात तिथे रोज पिवळ्या बंडीतला पोरगा असतो. मिरजेच्या डाव्या बाजूचा खेळाडू झालेला पाहुणा. आणि सात आठवडे हर्षवर्धन झाला होता मिरजेचा दहा नंबर, संमेद मगदूम.

बुधवारी त्यांनी मुख्य प्रशिक्षक इंगवले सरांना मैदानाच्या कडेला उभं केलं. हर्षवर्धनला पट्ट्या बांधू दिल्या नाहीत. पांढरी बंडी दिली, पांढऱ्यांमध्ये उभं केलं आणि डावीकडची ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली. मग त्याच्याकडे एकामागून एक पाच चेंडू पाठवले. पाचांपैकी चार वेळा त्याची डावी टाच मागे गेली आणि चेंडू त्या रिकाम्या जागेतून घरंगळत रेषेबाहेर गेला. चौथ्या वेळी हर्षवर्धनने तो जाताना स्वतः पाहिला. त्याने आपल्या पायाकडे असं बघितलं, की प्रणोतीबाईंना मान वळवावी लागली.

“बंद करा,” इंगवले सर म्हणाले. पोरं लांब गेल्यावर ते हळू आवाजात बोलू लागले. पोरगं चुकलं असं लिहा, म्हणजे त्याला शिक्षा होणार नाही, पण पट्टीचं नाव कागदावर नको. पुढचा हंगाम तोंडावर आहे. मग सर आणखी जवळ आले.

“जामदार, पट्टीचं लिहिलंत तर पट्टी बांधली कुणी, हे पण लिहावं लागंल.”

ते त्यांच्या वर्मी लागलं. कारण कंपनीच्या माहितीपुस्तिकेचं नववं पान त्यांनी वाचलेलं होतं. दर तीन आठवड्यांनी दोन दिवस ‘उतारा’ द्यावा, असं त्यावर लिहिलं होतं. त्या दोन दिवसांत पट्टीत दुसऱ्याची चाल घालायची नाही. बांधणाऱ्याच्याच जुन्या खेळाचं चित्रण घालायचं, म्हणजे शरीर स्वतःकडे परत येतं. प्रणोतीबाईंनी तो उतारा एकदाही दिला नव्हता. पाहुणे दोन दिवस बाजूला बसले तर पहिल्या अकरा जणांनी खेळायचं कुणाशी? त्यांना तेव्हा हे कारण पुरेसं वाटलं होतं, आणि पाहुण्यांच्या खेळाची फिकीर या कॉलेजात तशीही कुणी केली नव्हती. इतके दिवस त्या पोरावर, मगदूमवर, कंपनीच्या त्या गोडबोल्यावर संशय घेत राहिल्या. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी सगळं लिहिलं. नववं पान, सात आठवडे, पाच चेंडू आणि खाली स्वतःचं नाव. गुरुवारी कागद प्राचार्यांच्या हातात दिला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. हर्षवर्धनचं नाव संघात राहील असं सांगितलं आणि जामदारांबद्दल नंतर बोलू म्हणाले. इंगवले सर त्या दिवसापासून त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

शुक्रवारी हर्षवर्धनला उतारा द्यायचं ठरलं. त्याच्या खेळाचं जुनं चित्रण काढायला प्रणोतीबाई संगणकापाशी बसल्या. सांगावकर या नावावर दोनशे बारा दिवस निघाले. त्यांनी एकेक उघडला. पहिल्या दिवशी तो इचलकरंजीचा बचावपटू होता. पुढे साताऱ्याचा चार नंबर, मग कऱ्हाडचा एक जण, मग मगदूम. चालपट्टी येण्याआधीच्या वर्षी कॅमेरा फक्त पांढऱ्यांच्या मागे फिरत होता. कधीमधी कडेला एक पिवळा ठिपका पळताना दिसत होता, पण तो कोण हे ओळखू येत नव्हतं. दोनशे बारा दिवसांत हर्षवर्धन सांगावकर म्हणून तो एक मिनिटही खेळलेला नव्हता.

शेवटी त्याच्या बहिणीच्या जुन्या मोबाइलमध्ये चाळीस सेकंद सापडले. पेठेतली लहान मुलांची स्पर्धा, हर्षवर्धन चौदा वर्षांचा, अंगात ढगळ शर्ट. तो उजव्या पायाच्या तळव्याखाली चेंडू थांबवतो, अंगावर येणाऱ्याला हूल देतो, आणि हूल जमली म्हणून स्वतःच इतका हसतो की चेंडू तिसराच कुणीतरी घेऊन पळतो. संगणकाने ते तपासलं आणि अकरा सेकंद वापरण्याजोगे आहेत असं कळवलं. हसण्याचा भाग त्याने गाळला होता.

बाकावर बसून हर्षवर्धनने ते चाळीस सेकंद पाहिले. पुन्हा पाहिले. सात आठवडे मगदूमचं चित्रण तो जसा बघायचा तसाच बघत होता, मान पुढे काढून, पायाकडे नजर लावून. मग त्याने फडकं ओलं केलं, पोटरी पुसली आणि पट्टी हातात घेतली. प्रणोतीबाईंचं बोट पट्टी सुरू करायच्या कळीवर होतं. मैदानात पांढरे पाहुण्यांची वाट बघत उभे होते.

पट्टी त्याने बांधली नाही. ती मांडीवर ठेवून तो त्यांच्याकडे बघू लागला.

“मॅडम, ह्ये बांधून मी खेळलो, तर तो मी असंन? का ह्या पोराच्या घरी पण मी पाहुणाच?”