मुकादमिणीची नजर

"पुढे डावीकडे वळा. चार किलोमीटर एकही मोटार नाही," सायकल म्हणाली आणि उज्ज्वला गांगुर्डे वळली. बोलणाऱ्या सायकलीची सवय व्हायला तिला दोन दिवस लागले होते. पहिल्या दिवशी तर तिने "बरं बाई," असं उत्तरही देऊन टाकलं होतं.

दिंडोरीची ही बाई एकसष्टाव्या वर्षी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात सायकल हाणतेय, हे तिच्या टोळीतल्या बायकांना अजून खरं वाटत नव्हतं. टोळी म्हणजे द्राक्षांच्या विरळणीची. घडातले दाटीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. बत्तीस वर्षं उज्ज्वला त्या टोळीची मुकादमीण होती. कुणी अडलं की हाक यायची, "मुकादमीण, काढू का ठेवू?" आणि ही दोन ओळी पलीकडून नुसती मान वळवून निकाल द्यायची. एखादी वेल आजारी पडणार असली तर बागाईतदाराच्या आधी हिला कळायचं. कसं कळतं, ते मात्र तिला सांगता यायचं नाही. "डोळ्याला टोचतं," एवढंच म्हणायची.

ही सहल म्हणजे तिच्या लेकीची भेट. धनश्री इथे शास्त्रज्ञ होती. जिथे वाहनांचा आवाज नाही असे रस्ते शोधून सायकलस्वारांना तिथून नेणारी एक कंपनी होती, तिथे तिची नोकरी. कंपनीचं फ्रेंच नाव काही उज्ज्वलाच्या जिभेला वळेना, म्हणून मायलेकींनी तिचं बारसंच करून टाकलं होतं : शांतवाट.

"आई, जन्मभर लोकांच्या बागेत मान वर करून राबलीस," धनश्री विमानतळावर म्हणाली होती. "आता दहा दिवस काही करू नकोस. नुसती फिर." आणि आईच्या नाकावर स्वतःच्या हाताने काळा चष्मा चढवला होता. "इथलं ऊन वाईट असतं. सायकलीवर असताना काढायचा नाही, काय?"

शाळेत असताना मिळालेली सायकल नववीत थोरल्या भावाने नेली, तेव्हापासून उज्ज्वलाने पायडलाला पाय लावला नव्हता. लेकीने ते लक्षात ठेवलं होतं. पहिल्या उतारावर वारा कानात शिरला तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली, आणि मग तिला रडूच आलं. लेक असावी तर अशी!

रस्ते तरी काय एकेक. गुडघ्याएवढ्या दगडी बांधांमधून जाणारे, जेमतेम एका बैलगाडीच्या रुंदीचे. दोन्ही बाजूंना द्राक्षवेली, पण आपल्यासारख्या मांडवावर चढवलेल्या नाहीत. कमरेएवढ्या, बसक्या. "तिकडं मान मोडते, इकडं कंबर," ती पहिल्याच संध्याकाळी ओदीलला म्हणाली होती, आणि ओदील खो खो हसली होती.

ओदील ही तिची घरमालकीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी, हाडाची काटक. घरामागे अकरा ओळींची बाग, तिच्या आईने लावलेली. दोघींच्या कानांत दुभाषे होते, वाटाण्याएवढी यंत्रं, एकीचं बोलणं दुसरीच्या भाषेत कानात सांगणारी. पहिल्या दिवशी दुभाषा ओदीलचं बोलणं "तुम्ही, तुम्ही" करत सांगे. चौथ्या दिवशी दोघींनी मिळून अकरा ओळींची कोवळी फूट खुडली, एकाच पातेल्यातलं सूप प्यायल्या, आणि त्या दुपारपासून यंत्र आपण होऊन "तू" वर आलं. माणसांची जवळीक त्यालाही कळली असावी.

एक गोष्ट मात्र उज्ज्वलाला खटकत होती. गावाच्या उत्तरेला ओकचं जंगल होतं. त्यातून जाणाऱ्या रस्त्यावर चिटपाखरू नसे. मग ही शांतवाट एकदाही तिकडे का नेत नाही? उलट ओदीलच्या बागेवरून तिने तीनदा नेलं. तिन्ही वेळा सातव्या ओळीपाशी सायकल आपोआप मंदावली. "तू दमतेस म्हणून सायकलीची मोटर वेग सावरून घेते," धनश्रीने फोनवर सांगितलं. दमायला काय झालं होतं? तिथे उतार होता!

आठव्या दिवशी ती फिरून परत आली तर बागेच्या कोपऱ्यावर सरकारी गाडी उभी, आणि अकराच्या अकरा ओळींच्या खांबांना लाल फिती. ओदील हातात कागद घेऊन बांधावर बसली होती.

"मुका रोग," ती म्हणाली. "सोमवारी यंत्र येऊन सगळ्या वेली मुळासकट उपटणार."

मुक्या रोगाचा सगळ्या प्रांताने धसका घेतला होता. वेल तीन वर्षं वरून हिरवीगार दिसते, कुठल्या तपासणीत काही सापडत नाही, आणि चौथ्या वर्षी अख्खं शिवार एकदम वाळतं. म्हणून एक वेल सापडली तरी भोवतीची तीस मीटर बाग काढायची, असा कायदा होता.

"पण सापडला कसा?" ओदील विचारत होती. "गेल्या आठवड्यात तपासणीचं ड्रोन येऊन गेलं. निरोगी म्हणालं. आणि आता हे बघ."

दुभाष्याला वाचता यावं म्हणून उज्ज्वलाने फोनचा कॅमेरा कागदावर धरला. तो कानात वाचू लागला : "ओळ सात, वेल एकोणीस. आधार : तज्ज्ञ नजर क्रमांक चार. तीन नोंदी." पुढे तीन तारखा आणि तीन वेळा. तिन्ही वेळी तिथे कोण होतं, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सातव्या ओळीपाशी डोळ्याला टोचलं होतं खरं. पण सुट्टीवर आहोत म्हणून तिने मान फिरवली होती.

तिने नाकावरचा चष्मा काढला आणि काचेची आतली बाजू उन्हात धरून पाहिली.

आईचा फोन गेला आणि तासाभरात धनश्री पोचली. आईने चष्मा तिच्यापुढे धरला. "हे काय आहे?"

धनश्रीने खोटं बोलून पाहिलं नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल. "नजरनोंद," ती हळूच म्हणाली. "डोळ्याची बाहुली कुठे थबकते, किती मोठी होते, ते तो टिपतो. हँडल तळहातातून नाडी बघतं. आई, हा रोग यंत्राला दिसत नाही. तुझ्यासारख्या माणसांना दिसतो, पण नेमकं काय दिसलंय हे त्यांनाच कळत नाही. पाव सेकंद नजर अडते, बस. तीनदा अडली की नियमाने पक्कं धरतात."

"आणि शांत रस्ते?"

"ट्रक गेला तरी नाडी उडते. नोंद बिघडते."

"म्हणजे मला फिरवायला नव्हे."

धनश्रीने चष्मा घेऊन त्याच्या काड्या मिटल्या.

"विम्याचा कागद म्हणून सही घेतलीस ना गं माझी?" उज्ज्वलाचा आवाज चढला. "मला नुसतं विचारायचंस! आई, ये, तुझं काम आहे म्हणाली असतीस, तर उपाशी आले असते मी. मी काय कामाला नाही म्हणणारी बाई आहे?"

"विचारलं असतं तर उपयोग झाला नसता. आपण शोधतोय हे कळलं की माणूस डोळे ताणून बघायला लागतो, आणि मग ती नजर जाते. आम्ही करून पाहिलंय. एकाचीही परत आली नाही." तिचे डोळे भरले होते. "एका बागेमुळे सगळं खोरं वाचेल. उद्या हा रोग दिंडोरीला आला तर?"

"या बाईच्या पातेल्यातलं जेवले मी. खाल्ल्या घरचे वासे मोजायला लावलेस मला, धने. परक्याने केसाने गळा कापला असता तर एवढं लागलं नसतं."

ओदील हे सगळं ऐकत होती. दुभाष्याने तिच्या कानात काहीच लपवलं नव्हतं. ती उठली, सातव्या ओळीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इकडे या. तुम्ही स्वतः बघून सांगा. ही वेल खरंच आजारी आहे का? असेल तर मी माझ्या हाताने उपटते. काढू की ठेवू?"

दुभाषा पुन्हा "तुम्ही" वर गेला होता, हे उज्ज्वलाच्या लक्षात आलं.

ती एकोणिसाव्या वेलीपुढे गुडघ्यावर बसली. पानं उलटी करून पाहिली, खोड चाचपलं. मग अठरावी पाहिली, विसावी पाहिली. क्षणभर सगळ्याच आजारी वाटल्या, पुढच्या क्षणी एकही नाही. डोळ्याला काही टोचेना. बत्तीस वर्षं न मागता जे कळत होतं, ते आता मागून मिळत नव्हतं. बाई घाबरली. अगदी पहिल्या दिवशी कात्री हातात आली होती तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "ओदील, आईशप्पथ, मला दिसत नाही."

ओदीलने मान डोलावली आणि ती लाल फितींच्या बाजूने चालत शेवटच्या ओळीकडे निघून गेली.

तेवढ्यात उज्ज्वलाचा फोन वाजला. पडद्यावर शेवंता, टोळीतली तिची जुनी जोडीदारीण, आणि मागे दाटीवाटीने दहाजणी.

"मुकादमीण! आमचीबी तिकिटं आली! धनाच्या कंपनीनं अख्खी टोळी बोलावली बघ. पुढच्या गुरुवारी विमान!"

उज्ज्वलाने लेकीकडे पाहिलं. धनश्रीने फोनवर दिसणार नाही अशा बेताने हात जोडले. "आई, सांगू नकोस," ती पुटपुटली. "सांगितलंस तर त्यांचीही नजर जाईल. मग हा रोग ओळखणारं कुणीच उरणार नाही. इथेही नाही, तिकडेही नाही."

"ऐकतीस ना गं?" शेवंता ओरडत होती. "लई शांत रस्ते हायेत म्हणतात. आणि हे बघ, काळे चष्मेबी धाडलेत. इथंच घालून सराव करा, असं लिहिलंय." अकरा चष्मे पडद्यावर नाचले. "पण आमचं ठरलंय, तू हो म्हटल्याबिगर कुणी डोळ्याला लावायचा नाही."

बत्तीस वर्षांत या बायकांना उत्तर द्यायला उज्ज्वलाला कधी क्षणभरही लागला नव्हता. आता समोर लेक हात जोडून उभी होती, आणि लांब अकराव्या ओळीपाशी ओदील एकेका वेलीवर हात ठेवत पुढे चालली होती.

"अगं बोल की मुकादमीण," शेवंता म्हणाली. "घालू का ठेवू?"