उतारासाठी एक पान

प्रीतीचा उगम कोठे होतो, याची मीमांसा थोर ग्रंथकारांनी केली असेल. माझ्या प्रीतीचा उगम मात्र तेराशे मीटर उंचीवरील दाट धुक्यात, घामाने भिजलेल्या एका लोकरी जर्सीच्या आत झाला.

मी आंसेल्म. चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली आणि फ्रान्समधील फोरेच्या डोंगराखाली, नदीकाठच्या लाकूड चिरण्याच्या गिरणीत मी कामाला लागलो. मी जे सांगतो आहे ते १९७४ सालचे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. त्या वसंतात माझे मामा निवर्तले आणि त्यांची हिरवी सायकल माझ्याकडे आली. मे महिन्यातील एका रविवारी, कोणालाही न विचारता, मी ती घेऊन पांढऱ्या क्रुसाच्या खिंडीकडे निघालो. सतरा किलोमीटरचा चढ होता. वाटेत पाइनची राने, गाईंच्या घंटा आणि माझ्याच धापांचा आवाज, याखेरीज काहीही नव्हते.

माथ्यावर ओनोरेबाबांचे छोटेसे कॅफे होते. दारात एक तरुणी हाताचे पीठ झटकत उभी होती.

“चढून आलात, की कोणी ढकलत आणलं?”

“चढून... आलो,” मी म्हणालो. त्या दोन शब्दांसाठी मला तीनदा श्वास घ्यावा लागला.

“असं? मग तोंड उकडलेल्या बिटासारखं का झालंय?”

ती ओनोरेबाबांची कन्या ओदील. तिच्या उजव्या गालावर पिठाची एक पुसट रेघ होती. मी कॉफी प्यालो, पाव आणि निळ्या शिरांचे चीज खाल्ले. परंतु चव विचाराल तर मला केवळ ती रेघ स्मरते. मी सायकलवर बसणार, तोच मागून हाक आली.

“अहो! कागद न घेता कुठे निघालात?”

तिच्या हातात जुन्या वर्तमानपत्राचे एक पान होते.

“मी... फारसं वाचत नाही,” मी ओशाळून म्हणालो.

“वाचायला कोण देतंय? छातीवर घ्या. घामानं चिंब झालात. उतारावर वारा असा झोंबेल की आठवडाभर खोकत बसाल. सायकल शिकवली कोणी तुम्हाला?”

“मामांनी.”

“मग अर्धीच शिकवली!”

तिने पानाची घडी केली आणि माझ्या हाती दिली. मी ते जर्सीच्या आत, बनियनवर सरकवले. खाली उतरताना वारा करवतीसारखा घोंगावत होता, परंतु माझ्या छातीवर एक कुरकुरणारी ऊब होती.

ही आमच्या डोंगरातील सायकलस्वारांची जुनी रीत. तिला जोडून आणखी एक अलिखित नियम होता: वाटेत आपल्याहून अधिक गारठलेला कोणी भेटला, तर आपला कागद त्याला द्यायचा. उतारावरच्या कागदाला धनी नसतो, असे म्हणत. तो कोणी वाचत नसे. डोंगर उतरला की कचऱ्यात टाकीत असत.

मी मात्र टाकत नसे. मी ती पाने चुलीपाशी वाळवून गादीखाली ठेवू लागलो, कारण पुढच्या रविवारपासून ओदील माझ्यासाठी पाने निवडू लागली होती.

“आज गुरांच्या बाजाराचं पान आहे,” ती म्हणे. “तुमच्या वजनाच्या बैलाला बरा भाव आलाय.”

“घेणारं कोणी आहे का?”

“दात बघितल्याशिवाय कसं सांगणार?”

कधी ती मरणवार्तांचे पान देई. “वळणावर ब्रेक जपून लावा हं. या पानावर जागा शिल्लक आहे.” तिच्या त्या हसण्यासाठी मी सतरा काय, सत्तर किलोमीटर चढलो असतो. ओनोरेबाबा कोपऱ्यातून ओरडत, “पोरी, आजचा पेपर नको देऊस! मी अजून वाचला नाही!” आणि ती नेमके त्यातलेच एक पान ओढून काढी.

याप्रमाणे ग्रीष्म सरला. नेच्यांची पाने तांबूस झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा टेबले आत घेतली होती आणि ओदील खिडकीच्या फळ्या पुसत होती. हिम पडले की खिंड बंद होते, हे मला ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते, ते तिने पाठमोरीच सांगितले.

“या हिवाळ्यात मी इथे नसणार. ल्यों शहरात मावशीचं हॉटेल आहे. मला तिथेच ठेवून घेणार म्हणते.”

“किती दिवस?”

“ठेवून घेणार म्हणजे... कायमचं.”

माझ्या अंतःकरणात जणू कोणी ओले लाकूड चिरीत होते. मी पुष्कळ सुंदर वाक्ये योजून आलो होतो. त्यांतील एकही वेळेवर आले नाही.

“ओदील, मी... मी तुमच्या बाबांशी बोललो तर... म्हणजे तुमची हरकत नसेल तर...”

तिने माझ्याकडे पाहिले. हातातले फडके खिडकीवर टाकून ती आत गेली. पुष्कळ वेळाने बाहेर आली, ती हातात पान घेऊन. आज त्याच्या दोनऐवजी चार घड्या होत्या. आज तिने ते स्वहस्ते माझ्या जर्सीत सरकवले आणि गळ्याचे बटण लावले. तिची बोटे जांभळी पडली होती. मला वाटले, थंडीने.

“जपून उतरा,” ती म्हणाली.

मी तो निरोप समजलो.

निम्म्या उतारावर गारा सुरू झाल्या. चौथ्या वळणावर आमच्याच गावचे निवृत्त टपालवाले शोसादकाका पंक्चर काढीत बसले होते. ओठ निळे, दात कडकडत होते.

“आंसेल्म... पोरा... कागद आहे का रे?”

नियम म्हणजे नियम. माझे मन त्या क्षणी इतके उजाड होते की ऊब मला नकोशीच झाली होती. मी ते पान काढले, न उघडता त्यांच्या बनियनवर ठेवले, त्यांचे बटण लावले आणि उतरत गेलो.

गुरुवारी सकाळी मी करवतीपाशी होतो. एवढ्यात शोसादकाका सायकल दामटीत गिरणीच्या अंगणात शिरले. मागे पायी, लालबुंद होऊन शोसादकाकू येत होत्या. त्यांच्या हातात एक पांढरे बनियन निशाणासारखे फडकत होते.

“सांग रे हिला, काय ते सांग!” काका ओरडले. “घराबाहेर काढलंय मला!”

“चाळीस वर्षांचा संसार!” काकू गरजल्या. “आज धुवायला घेतलं, तर छातीवर बाईचं अक्षर!”

बनियनवर जांभळ्या अक्षरांच्या काही ओळी उमटल्या होत्या. हिशेबाची कॉपिंग पेन्सिल असते ना, ओली झाली की जिची शाई होते, तिने लिहिलेला मजकूर काकांच्या अंगावर भिजून उलटा छापला गेला होता. मी धावत तोंड धुण्याच्या जागेकडे गेलो आणि बनियन आरशासमोर धरले. काही शब्द विरघळले होते. उरलेले असे होते:

“...बाबांशी बोला. गुरुवारी दहाच्या बसने... त्याआधी आलात तर थांबेन. ओ.”

घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती.

“मी आयुष्यात एकही पत्र हरवलं नाही,” शोसादकाका पडल्या आवाजात म्हणाले. “आणि हे अंगावर घेऊन तीन दिवस हिंडलो. आता माझं तोंड काय बघतोस? पळ!”

मी त्यांचीच सायकल घेतली. सतरा किलोमीटर, आणि हाती चाळीस मिनिटे... हे अशक्य आहे, हे मी जाणत होतो. दहाव्या किलोमीटरला बर्फ भुरभुरू लागले. तेराव्या किलोमीटरला, वरच्या वळणावरून, बसचे दोन पिवळे दिवे येताना दिसले.

मी रस्त्याच्या मधोमध सायकल आडवी टाकली आणि तिच्यामागे हात पसरून उभा राहिलो.

ब्रेक करकरले. चालकाने खिडकीतून डोके काढून अशा शिव्या दिल्या की त्या येथे लिहिणे शोभणार नाही. मागचे दार उघडले आणि ओदील उतरली. अंगात करडा कोट, हातात दोरीने बांधलेली पेटी. तिचे डोळे सुजले होते.

“चार दिवस लागले वाचायला?”

“मी वाचलंच नाही.”

“काय?”

“शोसादकाकांना दिलं. ते गारठले होते... आणि आज काकूंनी वाचलं. बनियनवर. उलटं.”

ती अशी हसू लागली, अशी हसू लागली की डोळ्यांतील पाणी गालांवर आले.

“अहो, म्हणजे गावभर झालं की! माझ्या मनातलं सगळ्यांना कळलं, फक्त तुम्हाला सोडून!”

“ओदील... अजून थांबाल?”

बसचालकाने भोंगा वाजवला. तिने पेटी बर्फात टेकवली आणि माझ्या जर्सीचे बटण चाचपले. आत काहीही नव्हते.

“कागदाशिवायच आलास?” ती म्हणाली. त्या ‘आलास’वर माझे अवघे आयुष्य उभे आहे. मग वळून तिने चालकाला सांगितले, “जा तुम्ही. मला घरी जायचंय.”

पेटी हँडलला अडकवून आम्ही ते चार किलोमीटर पायी चढलो. ओनोरेबाबांनी दारातच विचारले, “बस चुकली?”

“नाही,” ओदील म्हणाली. “वेळेवर मिळाली.”

तदनंतर बरीच वर्षे लोटली. कॅफे बंद झाले. आता खिंडीवर येणारे सायकलस्वार चकचकीत, पातळ जाकिटे घालतात. त्यांना कोणाच्या पानाची आवश्यकता नसते. ते बनियन काकूंनी शेवटपर्यंत परत मागितले नाही. ते आमच्या कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात, आजवर न धुता आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी सायकलीला रामराम केला. तरी रविवारी सकाळी ओदील वर्तमानपत्राचे एक पान माझ्यापुढे धरते. चार घड्या करून.

“आता कशाला?” मी म्हणतो. “चढ संपला की माझा.”

“चढ संपला म्हणून काय झालं? उतार आहे ना अजून.”

मी ते घेतो. मात्र छातीशी ठेवण्याआधी चारही घड्या उघडतो, चष्मा लावतो आणि पान दोन्ही बाजूंनी, अगदी कडेपर्यंत, वाचून काढतो. तोवर ती समोर उभी राहते, मान जराशी कलती करून... आणि कडेला काहीतरी जांभळे असतेच.