अठ्ठावीस किलो कमी

वायुशाळेतल्या पडद्यावरचा आकडा डॉ. शाल्मली नवाथेनं तिसऱ्यांदा तपासला आणि मग पडद्यावर हलकेच टिचकी मारून पाहिली. टिचकीनं आकडे सुधारत नाहीत हे तिला माहीत होतं. पण चंद्रावर आठ वर्षं काढली म्हणून माणसाच्या सवयी थोड्याच बदलतात.

चंद्राच्या दक्षिण टोकाजवळच्या 'ओसरी' या वसाहतीत चौऱ्याऐंशी जीव राहत आणि त्या सगळ्यांची हवा सांभाळणं हे शाल्मलीचं काम होतं. तिचा हुद्दा होता वायुपाल. हुद्दा भारदस्त, पण हवा बिघडली की शिव्या तिलाच.

"कार्बन हरवलाय," ती संचालक वसुंधरा खानोलकरांना म्हणाली. "दोनशे एकाहत्तर किलो."

खानोलकरबाई मूळच्या बांधकाम अभियंता. हरवणं हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. "हरवेल कसा? इथून साधी टाचणी बाहेर जात नाही."

"म्हणूनच सांगतेय. सातूचं रोप हवेतला कर्बवायू घेतं, त्यातला कार्बन दाण्यात ठेवतं आणि प्राणवायू सोडून देतं. तो दाणा आपण खातो आणि तोच कार्बन श्वासावाटे परत सोडतो. खा, जाळा, कुजवा, शेवटी तो हवेतच येतो. पृथ्वीवर थोडा कुठे अडकून पडला तर कुणाला पत्ताही लागत नाही, तिथली हवा अफाट आहे. इथल्या सगळ्या हवेत मिळून कार्बन असतो बारा किलो. पंचवीस किलोची धान्याची एक गोणी कुणी कोपऱ्यात नुसती ठेवून दिली, तर तिच्यात जवळजवळ तेवढाच असतो."

"आणि अशा कितीतरी गोण्या गेल्या म्हणतेस? मग आजवर चाललं कसं?"

"कोठारातलं धान्य होतं, खताचे ढीग होते. त्यांतून भरून निघत गेलं. आता ते संपलं. हरितगृहातल्या हवेत दहा हजारांत दहा भाग कर्बवायू लागतो, तो तीनावर आलाय. रोपं उपाशी आहेत, बाई."

खानोलकरबाईंनी यानाचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी साठवून ठेवतंय. शोध. तीन आठवड्यांनी यान येतंय, साठेबाजाला त्यातून पृथ्वीवर परत. नियम तोच आहे."

शोध अगदी अनपेक्षित ठिकाणी लागला. हैबतराव शेडगे यांच्या घरातली हवेची झडप तपासायला शाल्मली गेली होती. हैबतराव ओसरीतले सगळ्यांत वयस्क, सदुसष्ट वर्षांचे, झडपांचे मिस्त्री, मूळचे साताऱ्याकडचे. ओसरीतली पहिली दारं त्यांनी बसवलेली. त्यांच्या घरची सातूची बिअर सगळ्या वसाहतीत नावाजलेली होती.

"बसा ताई. गरम थालीपीठ खाऊन जावा," म्हणत त्यांनी गादी पुढे सरकवली.

शाल्मली बसली आणि गादी कुरकुरली. ती जरा सरकली, गादी पुन्हा कुरकुरली. खाली वाकून तिनं वास घेतला. भाजलेल्या सातूचा, किंचित आंबूस, खमंग वास होता.

"हैबतराव, गादीत काय भरलंय?"

म्हातारा लाजला. "चोथा."

बिअर करायची तर सातूला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, भरडायचे आणि कोमट पाण्यात भिजवून त्याचा गोडवा काढून घ्यायचा. त्या गोड पाण्याची बिअर होते. मागे उरतो तो ओला चोथा, आणि तो थोडाथोडका नसतो. ओसरीत दर घराला महिन्याला पाच लिटर बिअरची परवानगी होती आणि चोथा दहनभट्टीवर तोलून जमा करायचा नियम होता. चोथ्याच्या वजनावरून बिअर किती केली ते बरोबर कळायचं. म्हणजे वीस लिटर करणाऱ्यानं पाच लिटरपुरता चोथा जमा करायचा, हे ओघानं आलंच.

"बाकीचा मग कुठं ठेवायचा?" हैबतराव म्हणाले. "पीठ करून थालीपिठात घातला. पण मानूस खाऊन खाऊन किती खानार? मग वाळवला आन् गाद्या भरल्या. उशा भरल्या. उरला तो भिंतीत ठासला, ऊब बी राहती. चोथ्यात कसली आलीया साठेबाजी, ताई? गोडवा तर समदा काढून घेतला की त्यातला."

"गोडवा काढलात. कार्बन तिथंच राहिला. आणि हे तुम्ही एकट्यानंच केलं?"

हैबतराव थालीपीठ उलथताना बराच वेळ घेत होते. एकट्यानं केलं असतं तर त्यांनी ते लगेच सांगितलं असतं.

सव्वीस घरं होती आणि सव्वीसही घरांत गाद्या कुरकुरत होत्या. चोथा वाळवून दडवायची युक्ती हैबतरावांनी एकाला शिकवली, त्यानं दुसऱ्याला. शाल्मलीला हसू आलं आणि पाठोपाठ शरम वाटली, कारण चोथा तोलून घ्यायचा नियम तिनंच सुचवला होता. बिअर कमी व्हावी म्हणून केलेला उपाय, आणि त्यानं फक्त चोथा लपवला गेला. शिवाय गेली दोन वर्षं टाक्यांमध्ये प्राणवायू वाढत चालला होता आणि त्याचं श्रेय ती हरितगृहात बसवलेल्या आपल्या नव्या दिव्यांना देत आली होती. कार्बन गाद्यांमध्ये अडकला म्हणून त्याच्या वाटणीचा प्राणवायू हवेत उरला, इतकंच ते होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सव्वीस घरांना यानात बसवणं शक्य नव्हतं. खानोलकरबाईंनी जाहीर केलं की आठ दिवसांत सगळा चोथा आणून द्या, माफी मिळेल. मात्र एक किलोही मागे ठेवला तर माफी नाही.

आठ दिवस दहनभट्टीपुढे रांग लागली. गाद्या आल्या, उशा आल्या, भिंतींतून खरवडून काढलेली पोती आली. थोडा थोडा चोथा भट्टीत जाऊ लागला, काही अळंबीच्या वाफ्यांत गेला, आणि पाचव्या दिवशीच सातूच्या पात्यांवर तजेला दिसायला लागला. शाल्मली रोज सकाळी ती पाती बघून यायची आणि तिला फार बरं वाटायचं.

शेवटी तोल झाला. वाळका चोथा पाचशे चाळीस किलो, त्यातला कार्बन दोनशे त्रेचाळीस. अठ्ठावीस किलो कमी.

"कुणीतरी अजून दडवतंय," खानोलकरबाई म्हणाल्या. "आणि दडवायला शिकवलं कुणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

हैबतरावांच्या घराची भिंत उपसून झाली. काही सापडलं नाही.

"ताई, माज्या नातीची आन घेऊन सांगतो, एक मूठ बी ठेवली न्हाई."

शाल्मलीचा त्यांच्यावर विश्वास बसला, पण विश्वास तोलता येत नाही. यानाला पाच दिवस उरले होते आणि परतीच्या यादीत हैबतरावांचं नाव लागलं होतं. आठ वर्षं सहाव्या हिश्शाच्या वजनात राहिलेलं त्यांचं म्हातारं शरीर पृथ्वीवर उभंसुद्धा राहू शकणार नव्हतं. डॉ. नाझनीन मुल्लांनी तसं लेखी दिलं होतं. वसाहतीच्या परिषदेनं ते वाचलं आणि नियमावर बोट ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळाचं लाकूड आपणच तासून दिलं, हे शाल्मलीच्या मनातून जाईना.

झोप उडाली म्हणून गोळी मागायला ती सकाळीच दवाखान्यात गेली. तिथे वजनाचा दिवस होता. चंद्रावरच्या काट्याला सहानं गुणून डॉ. नाझनीन एकेका मुलाचं खरं वजन नोंदवत होत्या.

"दीड किलो वाढला हो, चार महिन्यांत," एक आई कौतुकानं सांगत होती.

शाल्मली गोळी हातात धरून उभी राहिली. "कुठून आला?" तिनं विचारलं.

"काय कुठून?" आई गोंधळली.

"दीड किलो. कुठून आला तो?"

"खाल्ल्यानं," डॉ. नाझनीन म्हणाल्या. "तुम्ही आधी बसा बरं."

शाल्मली बसली नाही. ओसरीचा हवेचा तोल ज्या सूत्रावर चालायचा ते पृथ्वीवर लिहिलेलं होतं, तेव्हा इथे फक्त प्रौढ माणसं येणार होती. प्रौढ माणूस जेवढा कार्बन खातो तेवढा बाहेर टाकतो, कारण त्याचं वजन वाढत नाही. मोठ्यांच्या बाबतीत ते सूत्र अचूक होतं. मुलांचं कुणी लिहिलंच नव्हतं.

"नाझनीन, इथे जन्मलेली मुलं किती? सगळ्यांचं मिळून वजन सांगा."

"चौदा. एकशे पंचावन्न किलो."

"आणि माणसाच्या शरीरात कार्बन किती?"

"शंभरात अठरा," डॉ. नाझनीन म्हणाल्या, आणि मनात गुणाकार होताच त्यांनी लेखणी खाली ठेवली. "अठ्ठावीस. अगं बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा."

परिषदेपुढे हैबतराव नातीला कडेवर घेऊन उभे होते. शाल्मलीनं वजनाचा कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. चोथा तोलायचा नियम माझा होता, चूकही माझी, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मग वर म्हणाली, "ही मुलं अजून वाढणार. ती मोठी होईपर्यंत आणखी एकशे दहा किलो कार्बन लागेल, आणि तो इथल्या हवेतून काढला तर रोपं पुन्हा उपाशी. या यानानं कुणाला परत न्यायचं नाही. पुढच्या यानातून कोळसा मागवायचा."

"मुलं वाढवायला कोळसा," खानोलकरबाई म्हणाल्या. पृथ्वीवर हे कसं कळवायचं याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यांनी परतीच्या यादीतलं एकमेव नाव खोडलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

हैबतराव मात्र जागचे हलले नव्हते. "ताई, ह्या आमच्या पोरीत किती हाय?"

शाल्मलीनं कागद पाहिला. "तेरा किलोची आहे. म्हणजे दोन किलो तीनशे ग्रॅम."

त्यांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग लिवा माज्या नावावर," ते म्हणाले. "एवढं मात्र मी ठिवून घेतलंय. आन् ते काय मी परत देनार न्हाई."