अर्ध्या जनुकाचा जोडीदार

"या तिघा डॉक्टरांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय," आई म्हणाली आणि मांडीवरच्या आठ महिन्यांच्या लेकाचं टोपडं तिने सारखं केलं. खाली टाके होते.

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला. दवाखान्यातल्या रिपोर्टांमधली भांडणं सोडवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा खासगी उद्योग. त्यांना गाडीतून न्यायचं आणि वाटेत चुकीचे तर्क लढवायचे, हा धाकट्या दिराचा, म्हणजे भावजींचा.

बाळाच्या मेंदूतली गाठ काढून झाली होती. भिंगाखाली ती चांगलीच आक्रमक दिसली. तान्ह्या मुलांत कधीकधी एक जनुक तुटून दुसऱ्याला चिकटतं आणि त्यातून अशी गाठ वाढते. ती जोड सापडली तर नेमकं औषध मिळतं. गाठीच्या तुकड्याला काचेवर दिलेला रंग म्हणत होता, जोड असावी. जनुकतपासणी म्हणत होती, नाही. नसेल, तर सोमवारपासून केमोची, अंग पिळून काढणारी सलाइनं.

"सर्जनने तुकडा नासवला असणार," भावजी जिन्यातच म्हणाले.

सर्जन वैतागला. "काढल्याबरोबर गोठवला! कडेला थोडा निरोगी मेंदूही आला होता."

"मग रंगच जास्त फासला!" भावजींचा पुढचा तर्क.

काचा रंगवणाऱ्या बाईंनी भिंग पुढे सरकवलं. संशयित जनुकाचं प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. गाठ गडद तपकिरी. निरोगी कड कोरी.

उरला जनुकतज्ज्ञ. "नमुना चोख. बाकीची जनुकं छान वाचली. तपासणीच्या किटमध्ये या जनुकाच्या ओळखीच्या जोडीदारांची यादी असते, ते सगळे तपासले, एकही नाही."

"आणि खुद्द हे जनुक?" वहिनींनी विचारलं.

"पुढच्या टोकाचं वाचन जवळपास शून्य, मागच्याचं भरमसाट. किटचाच दोष असेल."

"हाच चोर!" भावजी कुजबुजले.

वहिनींनी तिघांना आईसमोर बसवलं.

"खोटं कुणीच बोललं नाही. कड कोरी, म्हणजे रंग जास्त झालेला नाही. बाकीची जनुकं वाचली, म्हणजे तुकडा नासलेला नाही. जनुक अख्खं असतं, तर दोन्ही टोकं सारखीच वाचली गेली असती. मागचंच भरमसाट, म्हणजे ते मध्येच तुटलंय, आणि कुणीतरी परका त्याला पुढून चिकटून गप्प बसू देत नाही."

"पण जोडीदार सापडला कुठे?" तज्ज्ञ म्हणाला.

"ओळखीच्या घरांची दारं ठोठावलीत आणि मुलगी बिनलग्नाची ठरवलीत! नावं सोडा. मागचं टोक धरा आणि त्याला काय चिकटलंय ते वाचत पुढे जा."

तज्ज्ञाचे कान लाल झाले, पण तो तडक यंत्राकडे गेला. शनिवारी जोडीदार सापडला. किटमध्ये तो नव्हताच.

"म्हणजे सोमवारी?" आईने विचारलं.

"सलाइन नाही," वहिनी म्हणाल्या. "या जोडीवरचं औषध, तोंडाने. किती गुण येतो ते पुढचं स्कॅन सांगेल. तेवढं मला आज शोधता येत नाही."

आईने लेकाचं टोपडं पुन्हा सारखं केलं. मग एकदम घाबरून म्हणाली, "पण मॅडम, हा सगळं थुंकतो हो!"

"तो तपास मात्र तुमचा," वहिनी म्हणाल्या.