आतली खिटी

माझ्या दवाखान्यातली हत्यारं एकेक करून तहमूरसच्या घरी जाऊ लागली, तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आधी टोकं झिजलेल्या सळया गेल्या, मग दात कापायच्या हिऱ्याच्या चकत्या, मग मेण वितळवायचा दिवा. जुनं सामान टाकून देण्यापेक्षा मित्राच्या कामी आलेलं बरं. तहमूरस आमच्या अंझली बंदरात गाळ उपसणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर त्याला घरात बसवेना. काही दिवस तो अंगणातल्या संत्र्याच्या झाडांची नको तितकी छाटणी करत राहिला, आणि मग त्यानं विमान करायला घेतलं.

विमान म्हणजे प्रतिकृती. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातभर लांब. आमच्या आजोबांच्या तरुणपणी असं एक जर्मन बनावटीचं प्रवासी विमान अंझलीला यायचं. एकच इंजिन, अंगभर नालीदार पत्रा, पुढे उघड्यावर बसणारे दोघे चालक आणि त्यांच्यामागे बंद खोलीत चार उतारू. नगरपालिका बंदराच्या जुन्या दिवसांचं एक दालन उघडणार होती. त्याच्या मधोमध काचेच्या पेटीत हे विमान ठेवायचं ठरलं होतं.

तेहरानहून मागवलेला प्लॅस्टिकचा संच त्यानं जोडला, रंगवला. मला वाटलं, काम झालं. पुढच्या खेपेला गेलो तर सगळं अंग खरवडून ठेवलेलं. पत्र्याच्या नाळ्या फार रुंद होत्या म्हणे. त्यानं मिठाईवाल्याकडून कलूचे नावाची गोड बिस्किटं भाजायचे पातळ पत्र्याचे ट्रे आणले, स्वतः दातेरी साचा केला, त्यात तो पत्रा बोटबोट दाबून नव्यानं अंग चढवलं. मग चाकं बदलली. मग पंखा लाकडाचे पापुद्रे एकावर एक चिकटवून पुन्हा कोरला. दर वेळी मी झालं म्हणायचो आणि दर वेळी त्याला काहीतरी चुकलेलं दिसायचं. त्याची बायको गुलअंदाम चहा ठेवता ठेवता म्हणायची, "माझ्या गुडघ्यांकडे इतकं लक्ष दिलं असतं, तर आत्तापर्यंत मीच उडाले असते."

मलकताज खानमना या विमानाची बातमी गुलअंदामनंच दिली, रोट्यांच्या दुकानापुढच्या रांगेत. खानम नव्वदीच्या पुढच्या. पुलापलीकडे गाझियानमध्ये एकट्या राहायच्या. त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यांचे वडील त्याच विमानातून तेहरानला निघाले होते. धुक्यात विमान वर गेलं, ते उतरलंच नाही. तेहरानच्या वाटेवरच्या मंजीलपुढचे डोंगर बर्फ पडेपर्यंत धुंडाळले, पण काही सापडलं नाही. खानम तेव्हा आईच्या पोटात होत्या.

गुलअंदामच्या हाताला धरून त्या आल्या, तेव्हा विमानाचं छप्पर अजून बसवलं नव्हतं. त्यांनी बोटं आत घातली. मी दाताच्या मुळाशी सळई नेतो तशी, अगदी सावकाश.

"उजवीकडची पुढची खुर्ची ठेंगणी कर," त्या म्हणाल्या. "तिचा एक पाय मोडला होता, म्हणून सगळेच कापले."

तहमूरस हसला. कुणी सांगितलं, असं त्यानं अदबीनं विचारलं. खानमनी साखरेचा खडा दाताखाली धरला. मी त्यांना ते करू नका म्हणून कितीदा बजावलं होतं. मग त्यांनी त्या खड्यातूनच सगळा चहा प्यायला.

त्यानंतर काही आठवड्यांनी इस्फहानच्या एका हौशी माणसानं तहमूरसला त्या विमानाचा फोटो पाठवला. उड्डाणापूर्वीचा, उतारू आत बसलेले. उजव्या खिडकीतल्या माणसाचं डोकं शेजारच्यापेक्षा वीतभर खाली होतं. तहमूरसनं तो फोटो मला दाखवला, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "त्यांच्या आईनं सांगितलं असेल त्यांना," तो म्हणाला. मी म्हटलं, तेच असणार. खानमची आई विमानात कधी चढलीच नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 

त्यानं खुर्ची कापली. मग छप्पर पक्कं बसवलं, दार चिकटवलं, फटी भरल्या. दमट हवेचा त्रास सुरू झाला तो त्यानंतर.

अंझलीत दमट हवेचं नवल नाही. आमच्याकडे मिठाचे खडे होतात, कपाटातल्या बुटांना बुरशी येते. म्हणून विमानाच्या खिडक्यांवर वाफ धरली, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तहमूरसनं फडक्यानं पुसून बघितलं. वाफ आतून होती. त्यानं मॉडेल हीटरपाशी ठेवलं. बाहेरचा पत्रा हात लावायच्या पलीकडे तापला, आतली वाफ तशीच. मग त्यानं पोटाला एक बारीक भोक पाडलं, हवा खेळावी म्हणून. त्या भोकातून तपकिरी थेंब ठिबकू लागले.

मी एक थेंब बोटावर घेऊन हुंगला. कुजलेला लव्हाळा आणि चिखल. आमच्या मुरदाबचा, म्हणजे गावामागच्या पाणथळीचा वास. मी त्याला समजावलं, की डिंक पुरता वाळला नसला की पाणी सोडतो आणि त्याला वास येतो. दातांच्या साच्यांचंही असं होतं. माझं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त थेंब थांबत नव्हते.

मग टकटक सुरू झाली. पातळ पत्र्यावर नख वाजवावं तशी. तापलेला पत्रा आकसताना वाजतो, हे तहमूरसनंच मला सांगितलं. सांगून त्यानं हीटर बंद केला आणि खोली गार ठेवली. टकटक चालूच राहिली. तिला ताल नव्हता. थोडी व्हायची, थांबायची, जणू कुणी उत्तराची वाट बघतंय, आणि मग जरा जोरात व्हायची.

तो मॉडेल टेबलावरून फडताळावर ठेवी, फडताळावरून व्हरांड्यात नेई आणि पुन्हा आत आणी. जेवताना अर्ध्यातून उठे. मी रोग्याच्या तोंडात हात घालून उभा असताना त्याचे फोन येत. "तू येऊन ऐक," एवढंच म्हणे. मी जाई, आणि दोघं त्या हातभर विमानापुढे उभे राहत असू. एका जागी बसवत नसे, ना त्याला ना मला. नगरपालिकेची माणसं दोनदा येऊन परत गेली. अजून एक काम राहिलंय, असं तो त्यांना सांगे.

"कुठलं काम?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर केलं नसतं का?"

खानम या खेपेला न बोलावता आल्या. पुलावरून एवढं अंतर त्या एकट्या कशा आल्या कोण जाणे. चहाही नको म्हणाल्या. सरळ टेबलापाशी जाऊन त्यांनी डाव्या कुशीवर बोट फिरवलं आणि दारापाशी थांबल्या.

"हे बंद का केलंस पोरा?"

तहमूरसनं सांगितलं, की उघडझाप करणारं दार करायचं तर बिजागरी जाड दिसते, मापात बसत नाही.

"दिसण्याचं राहू दे. याची आतली खिटी फिरत नाही."

"आत खिटी केलीच नाही मी खानम. बाहेरून कुणाला दिसणार होती?"

"त्यांनाही कुणी करून दिली नाही नीट," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात टकटक झाली. खानमनी तोंड खाली नेलं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशा, अगदी सहज, आमच्या गिलकी बोलीत म्हणाल्या, "थांबा जरा. सांगितलंय त्याला."

गुलअंदाम हातातला ट्रे तिथेच ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

खानमना मी घरी पोचवून आलो, तर तहमूरस मॉडेल जुन्या चादरीत गुंडाळत होता. याचा कंटाळा आलाय, हे मुरदाबात बुडवून येतो, असं तो म्हणत होता. गुलअंदाम दारात आडवी उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला नवऱ्याशी त्या आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"पुन्हा पाण्यात नाही टाकायचं," ती म्हणाली.

तो 'पुन्हा' ऐकून तहमूरसनं हातातली चादर सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखाना बंद ठेवून बॅग घेऊन गेलो. असं कापायची सवय माझ्या हाताला होती, म्हणून दार मीच कापलं. चकती फटीत शिरली तसं माझ्या बोटांवरून गार पाणी वाहिलं. एवढ्याशा पोकळीत मावेल त्याहून पुष्कळ. मी कापत राहिलो. तहमूरस खाली टॉवेल बदलत राहिला.

दात सरळ करायची तार वाकवून मी खिटी केली. गव्हाच्या दाण्याहून लहान. तिच्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला खाच पाडली, बिजागरीला केसाएवढी सुई घातली. दार लावून घेतलं. आता ती आतून फिरते का, ते बघायचं होतं. पोटाच्या भोकातून मी वाकडी सळई आत घातली आणि खिटी चाचपू लागलो.

सळई खिटीपर्यंत पोचली नव्हती. ते मी आजही शपथेवर सांगेन.

दार उघडलं.

जोरात नाही. नखभर.

टकटक थांबली. आमच्या डोळ्यांदेखत खिडक्यांवरची वाफ विरत गेली, आणि आतल्या खुर्च्या स्वच्छ दिसू लागल्या. ठेंगणीसुद्धा.

तहमूरस खुर्चीत बसला. कित्येक दिवसांनी मी त्याला पाठ टेकून बसलेला बघितलं. त्यानं बायकोला जेवायला मागितलं. तिनं भात आणि बाघला घातोघ वाढलं. वाल, शेपू आणि अंडी, तूप सोडलेलं. तो मागून मागून जेवला. उद्याच देऊन टाकतो नगरपालिकेला, असं म्हणाला. मलाही इतकं हलकं वाटलं, की सगळ्याची कारणं मी मनात पुन्हा नीट लावून घेतली. डिंक, पत्रा, दमट हवा, आणि गुलअंदामच्या तोंडून सहज निघालेला एक शब्द.

खानमना कळवावं म्हणून बॅग तशीच हातात घेऊन मी पायीच पूल ओलांडला. बारीक पाऊस होता, पण उजेड होता. जाळी विणणाऱ्यांच्या दुकानांमागे त्यांचं बैठं घर. पायरीवर पत्र्याची पडवी. त्यांच्याकडे कधी कुणी येत नसे, म्हणून पडवीत बूट दिसले तेव्हा मला बरंच वाटलं.

जवळ गेलो. पुरुषांचे बूट होते, घोट्याच्या वर नाड्या बांधायचे. असे मी फक्त जुन्या फोटोंत बघितले होते. चामडं फुगून पांढुरकं पडलेलं, नाड्यांत लव्हाळ्याचे धागे गुंतलेले. पडवीची फरशी कोरडी होती. फक्त बुटांखाली पाणी साचलं होतं.

मी दार वाजवायच्या आधीच खानमनी उघडलं. डोक्याला लाल फुलांचा रुमाल होता. आतून चहाचा आणि तळलेल्या माशांचा वास आला.

"हळू बोला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आत्ताच जेवलेत. दमलेत फार."

"कोण?"

 त्यांनी माझ्या हाताकडे कान करावा तसं डोकं कलतं केलं. बॅगेतली हत्यारं किणकिणली असतील.

"बॅग आणलीत, बरं झालं. वडिलांची दाढ सुजलीय. त्यासाठीच तर तेहरानला निघाले होते. तेव्हा गावात दातांचा डॉक्टर कुठे होता?"

पडद्यामागे कुणीतरी कण्हलं. गालाला हात लावून, तोंड मिटून माणूस कण्हतो, तसं. माझ्या धंद्यात तो आवाज ओळखायला चूक होत नाही. ढोंग करणाऱ्याला तो काढता येत नाही.

मी परत फिरू शकलो असतो. पूल समोरच दिसत होता. पण दुखणारा माणूस दाराआड आहे हे कळल्यावर मी कधी परत फिरलेलो नाही, आणि त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

खाली वाकून मी माझे बूट काढले. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या भिजलेल्या बुटांपैकी कडेचा एक उचलून सरकवला. त्याच्यातून पाणी सांडलं. धरताना माझी बोटं आत गेली होती.

आतून तो अजून उबदार होता.