गाडीतला बाप्पा का उजळतो?

"उजळला! बाप्पा उजळला!" मागच्या सीटवरून गुंजन अशी काही किंचाळली, की मोठेबाबांचा पाय दचकून ब्रेकवरच गेला.

आणि बाप्पा आणखीच उजळला!

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मोठीआईने, म्हणजे विमलताईंनी, तिथल्या तिथे डोळे मिटून हात जोडले. "पाह्यलं? कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन निघालो, अन् देवानं लगेच खूण देली!"

बारा वर्षांच्या समीक्षाने मात्र डोळे मिटले नाहीत. असल्या वेळी डोळे मिटणाऱ्यांतली ती नव्हतीच. पुढच्या दोन सीटच्या फटीतून मान घालून ती बघत राहिली. वेगाचा काटा दाखवणाऱ्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात मोठेबाबांनी रुपयाएवढं गणपतीचं चित्र चिकटवलं होतं. त्या कागदातून लालसर उजेड येत होता. बघता बघता तो विझला.

मोठेबाबा म्हणजे समीक्षा आणि गुंजनच्या बाबांचे थोरले भाऊ, पुंडलिकराव. तालुक्याच्या कचेरीत नोकरीला आणि गावात मोठा मान. दसऱ्याला त्यांनी नागपूरहून ही पांढरी गाडी आणली होती. कुणीतरी तीन वर्षं वापरलेली, पण गावाच्या दृष्टीने नवी कोरीच. त्यांनी सीटवर चकचकीत प्लास्टिकची कव्हरं चढवली, पुढे लिंबू-मिरची लटकवली, मागे काळी बाहुली बांधली. सीटबेल्ट कव्हरांखाली कुठे दडपले गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हँडब्रेकला तर त्यांनी कधी हातच लावला नाही. गाडी उभी केली की चाकाखाली दगड! बैलगाडीला दगड चालतो, मग हिला काय झालं?

दोन दिवसांत चमत्काराची बातमी गावभर झाली. शेजारचे नागोराव, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होता आणि म्हणून ज्यांना सगळ्या यंत्रांतलं सगळं कळत होतं, ते नारळ घेऊन आले. बायका ओवाळून गेल्या. बाप्पा उजळलेला बघायला मिळावा म्हणून मोठेबाबा एकेकाला गावाबाहेर चक्कर मारून आणू लागले. मिशीवर पीळ देणं तर विचारूच नका!

"मले एक सांग," समीक्षा पियुषला म्हणाली. पियुष हा मोठेबाबांचा मुलगा, तिच्याहून वर्षाने मोठा. "बाप्पा वळणावर उजळते, उतारावर उजळते, ब्रेक मारला का उजळते. सरळ रस्त्यावर त्याले काय होते?"

"बाप्पाले असे प्रश्न नाई विचारू वं!" मोठीआई आतून ओरडली. तिचे कान भलते तिखट.

"मी बाप्पाले नाई, गाडीले विचारून राह्यली!"

पियुषने आधी खांदे उडवले. गाडी त्याच्या बाबांची होती, चमत्कारही त्याच्याच घरचा. पण पुढच्या चकरेला त्याने मुकाट्याने वही बरोबर नेली. संध्याकाळी ती समीक्षापुढे टाकून तो म्हणाला, "अकरा वेळा उजळला. अकराही वेळा पाय ब्रेकवर होता, नाई तं गाडी वाकडी होती. अन् परवा क्षणभर उजळे, आता चांगला पाच आकडे मोजेपर्यंत राह्यते."

"म्हणजे वाढून राह्यलं!" समीक्षा उठलीच. "चाल, गाडी धुऊ."

"गाडी धुवायची?" गुंजन कुरकुरली. "सुट्टीत?"

पण मोठ्यांचा जीव असल्या कामाने केवढा हरखतो! "घ्या, घ्या, बादली घ्या! पोट्टे शहाणे झाले," म्हणून मोठेबाबांनी दारं उघडून दिली आणि ते चहाला गेले. गुंजन बादलीत हात घालून जोरजोरात पाणी उडवत बसली. पियुषने डाव्या बाजूचा खण उघडला. आत गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं, अजून प्लास्टिकच्या पिशवीत! पहिल्या मालकाने ते उघडलं नव्हतं, दुसऱ्यानेही नाही.

पुस्तक इंग्रजीत होतं. पण चित्रं भरपूर, आणि समीक्षाकडे शाळेतला शब्दकोश होता. काट्यांच्या काचेचं चित्र सापडलं. डाव्या कोपऱ्यात, बाप्पा होता तिथेच, एक गोल आणि गोलात उद्गारचिन्ह. पुढची पाच वाक्यं वाचायला त्यांना अर्धा तास लागला. शेवटचं वाक्य लागलं तेव्हा पियुषचा चेहराच उतरला.

"ब्रेकचं तेल कमी झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "लाल दिवा लागला का गाडी थांबवा. चालवू नका."

"आता बोनट उघड."

पुस्तकातल्या चित्राप्रमाणे त्यांनी बोनट उघडून नीट टेकवलं. कोपऱ्यात एक पांढुरकी डबी होती, तिच्यावर दोन रेषा. तेल दोन रेषांच्या मध्ये असायला हवं होतं. ते खालच्या रेषेच्याही खाली होतं! गाडी कलली किंवा ब्रेक दाबला की ते आणखी खाली सरके आणि दिवा लागे. देवाचा यात काही संबंध नव्हता.

"पण तेल गेलं कुठी?" पियुष म्हणाला.

"मले माईत हाये!" गुंजनला कुणी विचारलंच नव्हतं. मागच्या उजव्या चाकापाशी ती उकिडवी बसली होती. टायरच्या आतल्या अंगाने एक ओला ओघळ खाली आला होता. "हे म्या पाणी उडवायच्या आधीपासूनच ओलं होतं!"

तिघं तडक ओसरीवर गेली. मोठेबाबांनी ऐकलं, बशीतला चहा संपवला आणि हसले. नागोरावही तिथेच होते.

"तेल कमी हाये तं थोडं पाणी टाक पुंडलिकराव, भागते!" नागोरावांनी निकाल दिला.

मोठेबाबा खरंच तांब्या घेऊन निघाले! समीक्षा धावत पुढे गेली आणि तिने डबीच्या झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"पाणी नाई! ब्रेक तापला का पाण्याची वाफ होते अन् ब्रेक लागतच नाई! पुस्तकात लिहिलं हाये!"

"हात काढ."

"नाई काढत!"

मोठेबाबांना कुणी 'नाही' म्हणत नसे, कचेरीतही नाही. त्यांचे कान लाल झाले. "वीस दिवसांपासून गाडी चालवून राह्यलो मी. पुस्तक वाचून तू मले शिकवशील? उद्या सकाळी आठ वाजता याच गाडीत तुह्या मायले वणीकडे न्यायचं हाये. समजलं?"

समजलं होतं, म्हणून तर हात निघत नव्हता! वणीकडचं मामाचं गाव घाटाखाली होतं. पाऊण तासाचा उतार आणि एकापुढे एक वळणं.

इतक्यात समीक्षाची आई, शोभा, शेतातून आली. डोक्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. तिने काहीएक न विचारता लेकीचा दंड धरला आणि तिला घरात ओढत नेलं. निदान तांब्या तरी मोठेबाबांच्या हातात तसाच राहिला.

घरात आईची पिशवी भरून तयार होती. करंज्यांचा डबा, ओवाळायचं तबक, एक घडी न मोडलेलं लुगडं. तीन वर्षं कापसाने दगा दिला होता आणि तीन भाऊबीजा आई माहेरी गेली नव्हती. यंदा मोठेबाबांनी आपणहून गाडी न्यायचं कबूल केलं, तेव्हापासून ती गुणगुणत कापूस वेचत होती.

"तीन वर्षं झाले, समू," आई म्हणाली. "भाऊ दरसाल पाट मांडून बसते. मोठेबाबाईनं रागानं गाडी नाई नेली तं? कायले बोललीस एवढं?"

आईचं माहेर हिरावून घ्यायचं तिला कुठे हवं होतं? पण त्या घाटातली पहिलीच खोल दरी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"एस्टीनं जाऊ. पण मी तुले त्या गाडीत बसू देणार नाई."

आईने तोंड फिरवलं. त्यानंतर ती लेकीशी एक शब्द बोलली नाही.

समीक्षा रडली, अगदी पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने पियुषला हाक मारली. "पुस्तकात शेवटी काय लिहिलं होतं? पाय दाबून ठेवायचं?"

"गाडी उभी असताना ब्रेक दाबून धरा. पाय हळूहळू खाली गेला तं समजा तेल गळते," पियुष म्हणाला. "पण बाबा कायले दाबून धरतील? आपल्या सांगण्यावरून?"

"आपल्या नाई," समीक्षाच्या ओल्या डोळ्यांत चमक आली. "बाप्पाच्या!"

सकाळी आठला अंगण भरलं होतं. चारही चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, दारं उघडी, पिशव्या ओसरीवर. समीक्षा आरतीचं ताट घेऊन पुढे आली. चेहरा असा गरीब केलेला, की मोठीआईला भरूनच आलं.

"मोठेबाबा, काल माह्यं चुकलं असन. जायच्या आधी गाडीतल्या बाप्पाची आरती करू. पण आरती होईतोवर बाप्पा उजळता पाह्यजे!"

"हे बोललीस शहाण्यासारखं!" मोठेबाबा खुलले. ते चालकाच्या जागेवर बसले, गाडी सुरू केली, गिअर मोकळा ठेवला आणि ब्रेकवर पाय दिला. बाप्पा लाल उजळला. सगळ्यांनी "वा!" केलं.

"पाय अजिबात उचलू नका हं," पियुष म्हणाला. "मधातच बाप्पा विझला तं अपशकुन होईल!"

टाळ्या सुरू झाल्या. नागोरावांनी घंटी घेतली. पहिलं कडवं झालं. मोठेबाबा डोळे मिटून डोलत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. तिसऱ्या कडव्यात त्यांचा सूर चुकला, आणि मग तो बंदच पडला.

"पाय... पाय खाली चालला बे!" ते ओरडले. "मी काईच नाई करून राह्यलो, अन् पाय खाली चालला!"

"टप! टप! टप!" मागच्या चाकाखाली वर्तमानपत्र पसरून चार हात लांब बसलेली गुंजन ओरडली. "मी नऊ मोजले! नऊ थेंब!"

घंटी थांबली. नागोराव घंटीकडे असे बघू लागले, जणू चूक तिचीच होती. गाडीतला बाप्पा तेवढा लाल दिसत होता.

"घाटात पाय असा खाली गेला असता तं?" समीक्षाने विचारलं. आता तिचा चेहरा मुळीच गरीब नव्हता. "गाडीत आई असती! गुंजन असती! तुम्ही असते!"

मोठेबाबांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि खाली उतरले.

"तो दिवा मले दिसलता," ते म्हणाले. "आणल्यापासून मधातच लागे. डोळ्यात खुपे. म्हणून बाप्पा मीच लावला त्याच्यावर. मंग लोक हात जोडाले लागले, अन् मले... मले बरं वाटलं."

एवढ्या माणसांत असं बोलायला छाती लागते, हे समीक्षालाही मान्य करावंच लागलं.

शेजारच्या तांड्यावरून मिस्त्री लालसिंग मोटारसायकलवर आले. त्यांनी चाक काढलं आणि 'च्च च्च' केलं. "आतलं रबर फाटलं. अर्धा ब्रेक गेला होता, उरलेल्या अर्ध्यावर गाडी पळून राह्यली होती. घाटात तो बी तापला असता साहेब." मग त्यांनी विचारलं, "पकडलं कोणं?" आणि तीन पोरांकडे बोटं गेल्यावर म्हणाले, "माह्या गॅरेजात या रे सुट्टीत. मोठ्या माणसाईले बी आणा शिकाले." ते रबर दिवाळी संपल्याशिवाय मिळणार नव्हतं.

आईने ते ऐकलं, आणि करंज्यांचा डबा पिशवीतून काढायला ती वाकली. समीक्षाला ते बघवेना.

"डबा राहू दे शोभा," मोठेबाबा म्हणाले. "साडेनऊची एस्टी हाये. मी येतो सोबत."

दसऱ्यापासून एस्टीकडे ढुंकूनही न बघितलेले पुंडलिकराव दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन फाट्यापर्यंत चालत गेले. वाटेत लोकांनी विचारलं, "गाडी काहून नाई काढली जी?" त्यांनी प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाले, "आमच्या समीक्षानं वाचवलं. मी आडवा आलतो, तरी वाचवलं."

घाटात पहिलं मोठं वळण आलं. एस्टीच्या चालकाने ब्रेक मारला, गाडी करकरत हळू झाली. खिडकीतून खाली दरी दिसली. मोठेबाबा तिकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या समीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाट संपेपर्यंत तो काढलाच नाही.

मामा दारातच उभा होता. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. "आलीस! तीन वर्षांनी आलीस बाई!" त्याचा आवाज कापला. "पण गाडीनं येणार होते नं तुम्ही? एस्टीनं काहून?"

आईने पिशवी खाली ठेवली. कालपासून जिच्याशी ती बोलली नव्हती, तिला तिने जवळ ओढून घट्ट धरलं.

"मले माहेर पाह्यजे होतं भाऊ," आई म्हणाली. "हिनं मले जितं आणलं."