घडीवालीचा अंगठा

"ती संध्याकाळी आत आली होती, असं यंत्र सांगतंय," व्यवस्थापक म्हणाला, "आणि यंत्र खोटं बोलत नाही."

भावजींनी मान डोलावली. ते निवृत्त संगणक-शिक्षक. यंत्राने सांगितलं तर सूर्य पश्चिमेला उगवला, हेही ते मानतील. त्यांच्या वहिनी खासगी गुप्तहेर. डोकं वहिनींचं आणि पिशवी भावजींची, असा दोघांचा कारभार सुखाने चालला होता.

कारखान्यात लष्करासाठी पॅराशूट बनत, आणि युद्ध ऐन भरात होतं. काल दुपारी चाचणीसाठी विमानातून पॅराशूट बांधलेला वजनदार पुतळा सोडला, तो थेट जमिनीवर आपटला. व्यवस्थापकाने स्वतः पॅराशूट गोणीत भरून घडीच्या खोलीत ठेवलं. आज सकाळी कॅप्टनसमोर गोणी उघडली, तर सगळ्या दोऱ्या कापलेल्या. खोलीला अंगठ्याच्या ठशाने उघडणारं कुलूप. काल संध्याकाळी त्यात एकच नाव उमटलं होतं, पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या घडीवालीचं. तिच्या सुनेने धावत जाऊन वहिनींना गाठलं होतं.

"घडी तिनेच घातली. दोऱ्या तेव्हाच कापल्या, आणि संध्याकाळी कात्री लपवायला परत आली," व्यवस्थापक म्हणाला.

"तुमच्या डाव्या अंगठ्याला काय झालं?" भावजींनी आपुलकीने विचारलं.

"कागदाने कापलं." त्याने पट्टीवरून बोट फिरवलं.

कॅप्टन घाईत होता. "ही बाई आणि बाकीची पॅराशूटं, दोन्ही तासाभरात न्यायचीत."

वहिनींनी फुटलेल्या पुतळ्याचं पॅराशूट जमिनीवर पसरलं. दोऱ्या सफाईने कापलेल्या होत्या. छत्राच्या कापडाच्या मात्र चिंध्या झाल्या होत्या. भावजींनी दोऱ्यांकडे बोट दाखवलं, वहिनी कापडच चाचपत राहिल्या.

घडीवाली बाकावर ताठ बसली होती. "कबुलीवर सही कर म्हणतात. हात तोडला तरी करणार नाही. माझा मुलगा याच पॅराशूटने उडी मारतो. त्याच्या दोऱ्या मी कापेन?"

वहिनींनी तिचे अंगठे उजेडात धरले. वर्षानुवर्षं नायलॉन चोळून ते झिजलेल्या साबणासारखे गुळगुळीत झाले होते.

"कुलपाला अंगठा कधी लावता?"

"नोंदणीच्या दिवशी लावला होता. यंत्र सारखं कुरकुरत होतं. मग साहेब म्हणाले, झालं, जा. रोज दार तेच उघडून ठेवतात."

वहिनींनी सगळ्यांना घडीच्या खोलीपाशी बोलावलं. "बाई, दार उघडा."

घडीवालीने अंगठा टेकला. लाल दिवा लागला. पुन्हा टेकला, पुन्हा लाल.

"यंत्र बिघडलंय," भावजी म्हणाले.

"यंत्र ठणठणीत आहे, भावजी. या अंगठ्यांवर रेषाच उरल्या नाहीत, ते वाचणार काय? तरी तिच्या नावावर कुणाचा तरी अंगठा आहेच. 'झालं, जा' म्हणणाऱ्याचा. साहेब, पट्टी काढा."

व्यवस्थापक मागे सरकला. कॅप्टनने त्याचा हात धरून पट्टी ओढली. खाली साधा ओरखडाही नव्हता. तो अंगठा कुलपावर टेकताच दार उघडलं आणि पडद्यावर घडीवालीचं नाव आलं.

"काम अडू नये म्हणून सोय केली होती," तो पुटपुटला.

"तेव्हा सोय असेल. काल मात्र ती वेगळ्याच कामी आली. दोऱ्या आधी कापलेल्या असत्या तर पुतळा सुटून पडला असता आणि छत्र शाबूत राहिलं असतं. छत्र फाटलं, म्हणजे दोऱ्यांनी ताण धरला आणि कापडाने दगा दिला. स्वस्तातलं, हलक्या प्रतीचं कापड तुम्ही घेतलंत. ते झाकायला काल संध्याकाळी इथे येऊन दोऱ्या कापल्यात, आणि खापर हिच्यावर फोडलंत."



"आणि ही?" घडीवालीने खोलीत रचलेल्या पॅराशूटांकडे पाहिलं. "यांचंही कापड तेच आहे."

कॅप्टन अवघडला. "ते तपासणी यंत्राने पास केलंय. माल थांबवायचा तर हुकूम वरून यावा लागतो. चौकशी होईल."

"तोवर पोरं उड्या मारतील."

घडीवाली सरळ आत गेली. टेबलावरची मोठी कात्री तिने उचलली, पहिली घडी सोडली आणि कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत नेलं. मग दुसरी घडी ओढली.

"बाई, थांबा. हा गुन्हा आहे."

"माहीत आहे. आता आणा तुमचा कबुलीजबाब. सही करते."

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. मग हातातली पिशवी खाली ठेवून ते खोलीत गेले आणि त्यांनी कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

"दोन सह्यांची जागा ठेवा," ते कॅप्टनला म्हणाले.